व्हेनिसला एकटीने जाते आहे, पहिलीच वेळ. जाणकारांनी सांगावं

भूगोलबाई | ८ सप्टेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, धंतोलीत राहते. ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि यंदा मे महिन्यात निवृत्त झाले. खाजण, भरती-ओहोटी, गाळाचं संचयन हे धडे आले की फळ्यावर दरवर्षी एकाच शहराचा नकाशा काढायचे: व्हेनिस. समुद्रापासून वाळूच्या दांड्यांनी तोडलेलं उथळ पाणी, त्यात शंभरावर छोटी बेटं आणि त्या बेटांवर उभं राहिलेलं शहर. आता ते डोळ्यांनी बघायचं ठरवलं आहे. १९ ते २३ नोव्हेंबर, चार रात्री. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले, गेल्या आठवड्यात व्हिसा हातात पडला.

यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिथे चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या, हे वाचल्यावर तेच म्हणाले, तू जाऊन ये, मी घर सांभाळतो. पण नणंदेने एक वाक्य टाकलं ते मनातून जात नाही. "ते तर जोडप्यांचं शहर. एकटी बाई तिथे करणार काय?"

तर विचारायचं आहे ते असं. मुक्काम बेटावर करावा की पलीकडे जमिनीवर मेस्त्रेला, जिथे खोल्या स्वस्त आहेत? गोंडोलात एकटीने बसण्यात अर्थ आहे का? नोव्हेंबरात पाणी चढतं म्हणतात, त्याची कितपत काळजी करायची? आणि नणंदेच्या प्रश्नाचं खरं उत्तर कोणाकडे असेल तर तेही सांगा.

तर्रीपोहे | ८ सप्टेंबर, रात्री ९:३१

काऊन घाबरून राहिल्या मॅडम? बिनधास्त जा ना. आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्यांमधून ज्यानं स्कूटर काढली त्याले जगातल्या कोणत्याच गल्लीची भीती नाही. आन् तिथं तर स्कूटरच नाही!

हिंडफिरी | ८ सप्टेंबर, रात्री १०:०५

भूगोलबाई, आधी मनापासून अभिनंदन. मी मूळची बजाजनगरची, आता पुण्यात. गेली बारा वर्षं एकटीच फिरते आणि बाईमाणसाला एकटीने चालायला याहून सोपं शहर मला अजून भेटलेलं नाही. वर तर्रीपोहे म्हणाले तेच त्याचं कारण. गाडी नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही. मागून कोणी हॉर्न मारत नाही. रस्त्याच्या मधोमध थांबून वर बघितलं तरी कोणाचा खोळंबा होत नाही.

मुक्काम बेटावरच करा, यावर मी भांडायला तयार आहे. दिवसभराची गर्दी बहुतेक सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांची असते. सकाळी सातला आणि रात्री नऊनंतर जे शहर दिसतं ते मेस्त्रेला झोपणाऱ्याला दिसतच नाही. सान मार्को या मुख्य चौकाजवळ घेऊ नका, महाग आहे. कान्नारेजो किंवा कास्तेल्लो हे भाग बघा. कान्नारेजोत रेल्वे स्टेशन आहे आणि मागच्या बाजूला अजून राहती घरं आहेत, दोरीवर कपडे वाळत असतात, मुलं चौकात फुटबॉल खेळतात.

पत्त्याची गंमत आधीच समजून घ्या. शहराचे सहा भाग आहेत आणि घरांचे नंबर गल्लीवार नसून अख्ख्या भागाला मिळून आहेत. म्हणजे 'कास्तेल्लो' आणि पुढे चार आकडी नंबर, संपला पत्ता. तेवढ्यावरून तिथल्या माणसालाही घर सापडत नाही. खोलीच्या मालकाला जवळचा चौक, जवळचा पूल आणि बोटीचा थांबा असं तिन्ही विचारून कागदावर लिहून घ्या.

बॅग मात्र एका हाताने उचलून तीन पूल चढता-उतरता येतील एवढीच घ्या. घरच्या जिन्यावर भरलेली बॅग घेऊन एकदा तालीम करा, हसू नका!

शेवंती | ८ सप्टेंबर, रात्री १०:२०

हिंडफिरीताईंना अनुमोदन. वाचनखूण साठवली.

प्रवासी_एकला | ९ सप्टेंबर, सकाळी ७:४८

मुक्कामाबाबत माझं मत वेगळं आहे. मी दोन वर्षांपूर्वी मेस्त्रेला राहिलो. निम्म्या पैशात स्वच्छ खोली मिळाली, स्टेशन पाच मिनिटांवर, आणि तिथून गाडी दहा-बारा मिनिटांत सांता लुचियाला, म्हणजे बेटावरच्या स्टेशनात, सोडते. शेवटच्या पाचेक मिनिटांत गाडी पाण्यावरच्या पुलावरून धावते. हा रेल्वेचा पूल १८४६ सालचा, शेजारचा मोटारींचा १९३३चा. त्याआधी या शहरात यायला होडीशिवाय मार्ग नव्हता. तो प्रवास मी रोज दोनदा केला आणि दोन्ही वेळा खिडकीला नाक लावून बसलो. पैसे मोजून असतील तर मेस्त्रे वाईट नाही.

एक सावधगिरी. गर्दीच्या बोटीत माझं पाकीट गेलं. धक्क्यावर उतरताना दोघांनी रेटलं, मी कॅमेरा सांभाळला आणि मागचा खिसा विसरलो. पासपोर्ट खोलीवर होता म्हणून निभावलं. पैसे पुढच्या बाजूला, कपड्याच्या आत ठेवा.

बोटीचं तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटं चालतं. तीन दिवसांचा पास ४५ युरोला मिळतो. चार रात्री असाल तर पासच घ्या. मोठ्या कालव्यातून एक नंबरची बोट थांबत थांबत जाते. पहिल्या संध्याकाळी स्टेशनपासून सान मार्कोपर्यंत तिच्यात बाहेरच्या बाकावर बसा. जवळपास चार किलोमीटरचा तो कालवा उलट्या 'एस'सारखा वळतो, दोन्ही काठांना जुने वाडे आणि मध्ये चारच पूल.

हिंडफिरी | ९ सप्टेंबर, सकाळी ८:१५

पाकिटाबद्दल वाईट वाटलं, आणि सल्ला अगदी योग्य. मेस्त्रेबाबत मात्र मी हटणार नाही. 🙂

गोंडोलाचं राहिलं. सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा भाव बोटीचा आहे, माणशी नाही, त्यामुळे पाच जणांनी वाटून घेतलं तर ठीक, एकटीला जड जातं. त्याऐवजी त्रागेत्तो करा. मोठ्या कालव्यावर पूल कमी असल्यामुळे काही ठिकाणी माणसांना या काठावरून त्या काठावर नेणारी साधी, मोठी गोंडोला असते. भाडं दोन युरो. तिथली माणसं भाजीची पिशवी घेऊन उभ्यानेच जातात. रिआल्तोच्या मासळी बाजारापासून सांता सोफियाला जाणारी शोधा.

डच_वऱ्हाडी | ९ सप्टेंबर, दुपारी १:४०

आमच्या आम्सटरडॅमला पण या ना बाई. मी अकोल्याचा, सात वर्षांपासून इथे आहे. कालवे इथेही आहेत, पण जात वेगळी. इथले मुख्य तीन अर्धवर्तुळाकार कालवे सतराव्या शतकात आखणी करून खणले. पाटबंधारे खात्यानं नकाशा काढून केल्यासारखं काम. व्हेनिसात उलटं झालं. बेटं आधीपासून होती, लोक कडेनं भर घालत गेले आणि मध्ये जे पाणी उरलं तेच कालवे झाले. म्हणून इथं हरवणं कठीण आणि तिथं न हरवणं कठीण. भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही बघायला पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

तर्रीपोहे | ९ सप्टेंबर, दुपारी २:०२

एक शंका आहे. त्या कालव्यांचा वास येते का? आपल्या नाग नदीच्या पुलावरून जाताना रुमाल काढा लागते म्हणून विचारून राहिलो.

नळयोजना | ९ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५५

हा प्रश्न माझ्या आवडीचा. मी पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालो, चार वर्षांपूर्वी मुलाकडे जाताना दोन दिवस व्हेनिसला होतो.

उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी अरुंद कालव्यांत वास येतो, पण सहन होण्यासारखा. कारण असं की खाजणाला समुद्राकडे तीन तोंडं आहेत आणि दिवसातून दोनदा भरती आत येते, दोनदा ओहोटी बाहेर जाते. शहराचं पाणी समुद्रच बदलतो. आपल्या नाग नदीला असं कोणी नाही. ज्या नदीवरून शहराला नाव मिळालं तिची जबाबदारी सगळी आपल्यावरच आहे, आणि ती आपण घेतली नाही याचं मला आयुष्यभर वाईट वाटत आलं आहे.

आता मुद्दा प्यायच्या पाण्याचा. चारी बाजूंना पाणी, आणि प्यायला थेंब नाही, कारण सगळं खारं. जमिनीत विहीर खणली तरी खारंच लागणार. मग त्यांनी पावसाचं पाणी साठवलं. प्रत्येक चौकात तुम्हाला कोरीव दगडाचं एक गोल किंवा अष्टकोनी तोंड दिसेल, वर लोखंडी झाकण. लोक फोटोसाठी त्यावर बसतात. ती विहीर नाही, गाळणी आहे. चौकाखाली मोठा खड्डा खणून त्याला चिकणमातीचं अस्तर द्यायचं, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. खड्डा वाळूने भरायचा आणि मधोमध विटांची नळी बांधायची. फरशीत दोन किंवा चार ठिकाणी भोकं पाडलेले दगड बसवलेले असतात. पावसाचं पाणी त्यातून वाळूत उतरतं, गाळत गाळत विटांच्या नळीत येतं आणि वरून पोहऱ्याने काढायचं. जमिनीवरून नळाने पाणी आलं ते १८८४ साली. त्याआधी शेकडो वर्षं एवढं मोठं राज्य या वाळूच्या गाळणीवर जगलं. बाई, त्या फरशीतली भोकं जरूर शोधा. मी शोधत होतो तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा, वर बघा, चर्च वर आहे.

भूगोलबाई | ९ सप्टेंबर, रात्री ९:३०

नळयोजना, किती सुंदर समजावलंत! मी शिकवत होते तेव्हा हे माहीत असतं तर पोरांना वाळू-विटांचा नमुनाच करायला लावला असता. शहराचा पाया लाकडी खुंटांवर आहे एवढं शिकवलं, पण ते कुजत कसे नाहीत हे नीट सांगाल का?

नळयोजना | ९ सप्टेंबर, रात्री १०:१०

अल्डर, ओक आणि लार्च या झाडांचे खुंट मऊ गाळातून खालच्या घट्ट थरापर्यंत एकमेकांना खेटून ठोकले. गाळात प्राणवायू पोचत नाही, आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला तो लागतोच. उघड्यावर जे लाकूड वीस वर्षांत जाईल ते चिखलात शतकानुशतकं टिकतं. खुंटांवर फळ्या, त्यावर समुद्रापलीकडच्या इस्त्रिया भागातला पांढरा दगड. तो पाणी फारसं पीत नाही, म्हणून भरतीच्या रेषेपाशी तोच वापरला. एकट्या सालूतेच्या चर्चखाली दहा लाखांहून जास्त खुंट आहेत असं सांगतात.

महाल_जुना | १० सप्टेंबर, सकाळी ९:२०

मी जरा वेगळं बोलतो, बाईंनी राग मानू नये. या शहराला आणखी पाहुण्यांची गरज आहे का? १९५१च्या सुमारास जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहायची, आज पन्नास हजारही नाहीत. घरांची लॉज झाली, भाजीवाल्याच्या जागी मुखवट्यांचं दुकान आलं. आता वर्षातल्या ठरावीक गर्दीच्या दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्याला प्रवेशशुल्क लावलंय, पाच ते दहा युरो. शहराला तिकीट! आमच्या महालातले जुने वाडे एकामागून एक पडताना मी पाहतो आहे, म्हणून हे मला लागतं. आपण तिथं जाऊन नेमकं काय करतो, याचा विचार प्रत्येकाने करावा.

हिंडफिरी | १० सप्टेंबर, सकाळी १०:४५

महाल_जुना, तुमचं दुःख समजतं आणि आकडेही बरोबर आहेत. पण सगळ्या पाहुण्यांना एका मापाने मोजू नका. मोठमोठी जहाजं २०२१पासून ज्युदेक्का कालव्यातून बंद केली, ती उगाच नाही. चार तास येऊन, घरची शिदोरी खाऊन, फोटो काढून जाणाऱ्या हजारोंचा भार वेगळा. आणि चार रात्री राहणारी, कोपऱ्यावरच्या दुकानातून सफरचंदं घेणारी, गर्दी ओसरल्यावर नोव्हेंबरात येणारी एक बाई वेगळी. ते शुल्कही उन्हाळ्याच्या बाजूच्या दिवसांचं आहे आणि रात्री मुक्काम करणाऱ्याला ते द्यावं लागत नाही, त्याच्याकडून मुक्कामाचा कर घेतात.

महाल_जुना | १० सप्टेंबर, सकाळी ११:३०

मुद्दा मान्य. बाईंना जाऊ नका असं मी म्हणणारच नव्हतो. पण काचेची वस्तू घेतलीच तर मुरानो बेटाची खरी बघून घ्या. आगीच्या भीतीने १२९१ साली सगळ्या भट्ट्या त्या बेटावर हलवल्या, तेव्हापासूनचे कारागीर आहेत. स्वस्त ढिगातली काच बाहेरून आलेली असते आणि ती त्यांच्या पोटावर येते.

सराफा_ओळ | १० सप्टेंबर, रात्री ८:५०

मी इथे सहसा लिहीत नाही, वाचतो. पण व्हेनिस म्हटल्यावर राहवलं नाही. आमचं इतवारीत तीन पिढ्यांचं दुकान आहे.

भूगोलबाई, तुमच्या घरात आजीची पुतळ्यांची माळ आहे का? असेल तर व्हेनिस तुमच्या घरात आधीच आलेलं आहे.

पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. पहिलं पाडलं १२८४ साली. पुढे १७९७मध्ये नेपोलियनने ते राज्य संपवलं तोवर, म्हणजे पाचशे वर्षांवर, त्याचं रूप जवळपास तेच राहिलं. वजन साधारण साडेतीन ग्रॅम आणि सोनं जवळजवळ शुद्ध. मिरी, मसाले, कापड यांच्या बदल्यात हे सोनं अरबांच्या बंदरांमधून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यायचं. एका बाजूला संत मार्क उभा आहे आणि त्यांचा निवडून दिलेला प्रमुख, डोज, त्याच्यासमोर गुडघे टेकून झेंडा घेतो आहे. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात ख्रिस्त. आपल्या माणसांनी त्या आकृत्या बघितल्या आणि नाण्याला पुतळी म्हटलं. सोन्याची खात्री होती म्हणून बायकांनी ती ओवून गळ्यात घातली. नंतर आपल्याच सोनारांनी तसे ठसे करून पुतळ्या पाडल्या, पुढे त्यावर आपले देव आले. आज माळेत मिळतात त्या बहुतेक या इकडच्या. पण जुन्या घरची माळ दुकानात आली की मी अजूनही एकेक पुतळी भिंगाखाली धरतो.

ज्या टांकसाळीत ही पडायची ती इमारत सान मार्कोच्या धक्क्यावर अजून उभी आहे. तिचं नाव झेक्का, त्यावरून नाण्याला झेक्किनो म्हणायचे. मी काही तिकडे जाईन असं वाटत नाही. तुम्ही गेलात तर माझ्यासाठी एकदा त्या दारासमोर उभ्या राहा.

तर्रीपोहे | १० सप्टेंबर, रात्री ९:०४

बाप्पा! हे मले आज माहीत पडलं. आमच्या आजीची माळ आत्याकडं गेली, आता फोन लावतो.

भूगोलबाई | १० सप्टेंबर, रात्री ९:४१

अंगावर काटा आला हो. माझ्या आईची माळ आहे, तिला तिच्या आईकडून आलेली, आमच्या मूळ गावाची, वाशिमकडची. लॉकरमध्ये आहे. १७ पुतळ्या. लग्नात घातली होती, त्यानंतर नीट बघितलीच नाही. झेक्कासमोर तुमच्या नावाने उभी राहीन, शब्द देते.

शेवंती | ११ सप्टेंबर, सकाळी ८:००

खाण्याचं काय करणार ताई? शाकाहारी आहात का?

हिंडफिरी | ११ सप्टेंबर, सकाळी ८:३५

शाकाहारी माणसाचं चांगलं निभतं. पोलेंटा म्हणजे मक्याच्या भरडीचं घट्ट शिजवलेलं, आपल्या उकडपेंडीच्या वाटेवरचं. भोपळ्याचा रिसोत्तो मिळतो त्या दिवसांत. छोट्या दारूगुत्त्यांत पावाच्या तुकड्यांवर काहीबाही मांडलेलं असतं, त्याला चिकेत्ती म्हणतात. त्यात मासे फार, पण भाज्यांचेही असतात, विचारून घ्या. कॉफी उभ्याने प्या, बसलं की भाव वाढतो. सान मार्कोच्या चौकात पायऱ्यांवर बसून डबा खायला बंदी आहे, कबुतरांना दाणे टाकायलाही.

आणि पाणी चढण्याबद्दल. २०१९च्या १२ नोव्हेंबरला १८७ सेंटिमीटर चढलं होतं, त्याआधी १९६६मध्ये १९४. पण आता तिन्ही तोंडांवर मिळून ७८ फाटकं बसवली आहेत, २०२०च्या ऑक्टोबरपासून मोठ्या भरतीला ती उचलतात. तरी ती ठरावीक उंचीच्या अंदाजालाच वर करतात आणि सान मार्को सगळ्यात सखल, त्यामुळे तिथे घोट्याएवढं पाणी अजून येऊ शकतं. लाकडी फळ्यांच्या वाटा मांडतात. पातळ रबरी बूट तिथे रस्त्यावर विकायला असतात.

नळयोजना | ११ सप्टेंबर, सकाळी ९:१०

तारखा बघितल्या का बाई? २१ नोव्हेंबर तुमच्या मुक्कामात येतो. त्या दिवशी सालूतेची जत्रा असते. १६३०-३१च्या प्लेगात शहराची जवळपास एक तृतीयांश माणसं गेली, साथ थांबावी म्हणून केलेला नवस फेडायला ते चर्च बांधलं. दर वर्षी त्या दिवशी मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल टाकतात आणि अख्खं शहर चालत जाऊन मेणबत्ती लावतं. आम्हाला हुकलं होतं.

भूगोलबाई | ११ सप्टेंबर, दुपारी १२:२५

हे ठरवून केलेलं नव्हतं! आता तर जाणंच आलं. बेटावरची खोली घेतली, कान्नारेजोत. प्रवासी_एकला, पैशाच्या पिशवीला आतून खिसा शिवायला टाकला आहे. परत आले की इथेच लिहीन.

भूगोलबाई | २९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५

आले मंडळी. परवा पोचले, आज लिहिते आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली संध्याकाळ. साडेचारलाच सूर्य मावळला. स्टेशनाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि समोर रस्ता नाही, पाणी. नकाशात हजारदा काढलेला तो मोठा कालवा तिथे हलत होता. मी बॅग खाली ठेवली आणि पायरीवरच बसले. ३१ वर्षं मी त्याला निळ्या खडूने रंगवत होते. तो हिरवा आहे.

खोली सापडायला पाऊण तास लागला. पत्त्याबरोबर चौक आणि पूल लिहून घेतला होता म्हणून लागलं एवढंच. दुसऱ्या दिवशी मात्र मुद्दाम फोन पिशवीत ठेवला. भिंतीवर पिवळ्या पाट्या असतात, रिआल्तोकडे, सान मार्कोकडे, स्टेशनकडे. त्यांच्या उलट दिशेने चालत गेले. गल्ली कधी इतकी अरुंद की दोन्ही भिंतींना हात टेकतात, पुढे घराच्या पोटातून बोगदा, आणि बोगद्यापलीकडे एकदम पाणी, वाट संपली. परत फिरायचं. सोबत कोणी असतं तर "तुला रस्ता माहीत नाही का" हे तीनदा तरी ऐकावं लागलं असतं. एकटी होते, म्हणून चुकलेली वाट कोणालाही समजावून सांगावी लागली नाही.

नळयोजना, तुमची भोकं सापडली! कान्नारेजोतल्या जुन्या ज्यू वस्तीचा चौक आहे ना, १५१६ साली ज्यूंना जिथे कोंडलं आणि जिथून 'घेट्टो' हा शब्द जगभर गेला, तिथे सकाळी साडेसातला मी विहिरीच्या तोंडापासून पावलं मोजत फरशी तपासत होते. एका आजोबांनी थांबून इटालियनमध्ये काहीतरी विचारलं, बहुतेक काय हरवलं म्हणून. मी भोकाकडे बोट दाखवलं, मग आभाळाकडे, मग विहिरीकडे. ते इतके खूश झाले की माझा हात धरून दुसरं भोक दाखवायला घेऊन गेले.

एका सकाळी सान मार्कोत पाणी आलं. गंमत म्हणजे ते समुद्राकडून लाटेसारखं येत नाही. चौकातल्या फरशीच्या गटारांमधून शांतपणे वर येतं. पाच मिनिटांत अख्खं चर्च उलटं होऊन पायाशी. आमच्याकडे २०२३च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा रात्री घराघरांत पाणी शिरलं होतं, तो धसका अजून मनात आहे. तिथे दुकानदार दाराला फळी लावून कॉफी पीत उभे होते. पाणी कधी येणार, किती येणार आणि कधी जाणार हे त्यांना आदल्या दिवशी कळलेलं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते सौंदर्याने नव्हे. पूर्वसूचना एवढी नेमकी देता येते, तर आपल्याकडे का नाही, या विचाराने.

आता २१ तारीख. मोठ्या कालव्यावर तो तात्पुरता पूल. धुकं होतं. म्हाताऱ्या, लहान मुलं, नोकरीवर निघालेली माणसं, सगळी एकाच दिशेने. दारात मेणबत्त्यांचे ठेले, पुढे फुगे आणि तळलेल्या गोड पदार्थांचे. मीही एक मेणबत्ती घेतली. आत गर्दी एवढी की आपण स्वतः लावायची नाही, तिथल्या माणसाच्या हातात द्यायची, तो पेटवून उभी करतो. माझ्या शेजारी एक बाई ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, काय ते कळलं नाही. मला मात्र आपली मारबत आठवली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीतून मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, "इडा-पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून बघायचे. साथ गेली याची आठवण ठेवायची रीत त्यांचीही आहे, आपलीही. आपण रोगराईला हाकलत गावाबाहेर नेतो, ते साथ गेल्याचे आभार मानायला पूल टाकतात. तिथे मी नागपूरचीच होते आणि परकी अजिबात नव्हते.

गोंडोला घेतली नाही, त्रागेत्तो घेतली. उभ्यानेच. गुडघे थरथरले, पण समोरच्या आजी भाजीची पिशवी धरून निवांत उभ्या होत्या, मग मीही हात सोडला. दोन मिनिटांचा प्रवास, दोन युरो. येता-जाता चारदा केला.

सराफा_ओळ, झेक्कासमोर उभी राहिले. दगडी, जाड, किल्ल्यासारखी इमारत आहे, आता ग्रंथालयाचा भाग. आधी ठरवल्याप्रमाणे पाच मिनिटं उभी राहिले. मग चौकातल्या कोर्रेर संग्रहालयात गेले, तिथे राज्याची नाणी मांडलेली आहेत. काचेखाली डुकाट. डोज गुडघे टेकून, संत उभा. पुतळी. मी मोठ्याने "आई गं" म्हटलं.

महाल_जुना, काच एकच घेतली, मुरानोच्या भट्टीवरून, छोटा निळा पेला. सफरचंदं रोज कोपऱ्यावरून.

आणि नणंदेला काय सांगितलं? तिला फोटो दाखवले. त्यातला रात्री साडेदहाचा रिकाम्या चौकाचा फोटो बघून ती म्हणाली, "हा कोणी काढला?" म्हटलं, मी. एवढ्या रात्री एकटी? म्हटलं, हो, आणि तिथे पाण्याच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. मग ती बराच वेळ तोच फोटो बघत बसली.

हिंडफिरी | २९ नोव्हेंबर, रात्री ८:०२

वाचता वाचता रडले. यजमान कसे आहेत?

भूगोलबाई | २९ नोव्हेंबर, रात्री ८:२०

छान आहेत. वरणभात लावायला शिकलेत. निळ्या पेल्यातून औषधं घेतात.

महाल_जुना | २९ नोव्हेंबर, रात्री ८:४८

पूर्वसूचनेबद्दल जे लिहिलंत ते छापून लावण्यासारखं आहे. पेल्याबद्दल आभार.

संत्रानगरी | ३० नोव्हेंबर, सकाळी १०:१५

मी ३४, एकटीच, कार्निव्हल बघायला फेब्रुवारीत जायचा विचार आहे. जाऊ का?

हिंडफिरी | ३० नोव्हेंबर, सकाळी १०:५०

जा, पण खोली आजच धरा, तेव्हा भाव दुपटीपार जातात. आणि मुखवट्यांची गर्दी सान मार्कोत असते. कंटाळा आला की बोटीने तोर्चेल्लोला जा, व्हेनिसच्या आधी तिथेच वस्ती होती. आता शांत आहे, जुनं चर्च आणि भिंतभर सोनेरी चित्रं.

डच_वऱ्हाडी | ३० नोव्हेंबर, दुपारी २:३०

बाई, पुढच्या वर्षी आम्सटरडॅम. टाळाटाळ करायची नाही आता.

सराफा_ओळ | ३० नोव्हेंबर, रात्री ९:१०

माझ्यासाठी उभ्या राहिलात, वडिलांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, फक्त परत वाचायला सांगितलं. माळ बघितलीत का लॉकरमधली?

भूगोलबाई | १ डिसेंबर, रात्री ८:३३

आज काढून आणली. भूगोलाच्या वर्गातलं जुनं भिंग घेऊन बसले. १५ पुतळ्यांवर देवीसारखी आकृती आहे, आपल्याकडचीच असावी. पण दोन वेगळ्या आहेत. झिजलेल्या, कडा पातळ. एकीवर उभा माणूस आणि त्याच्यासमोर वाकलेला कोणीतरी, मध्ये उभी काठी. दुसऱ्या बाजूला बारीक ठिपके, तारे असतील. मला खात्री नाही, डोळेही भरून येतायत. दुकान मंगळवारी उघडं असतं का?

सराफा_ओळ | १ डिसेंबर, रात्री ८:४०

असतं. अकराला या. वडीलही दुकानात येतील त्या दिवशी.